शीआनमध्ये ३ दिवस, १७ जागांची यादी आणि आईचा गुडघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबा ७१, आई ६६, आईचा उजवा गुडघा धड नाही, दोघंही पक्के शाकाहारी, दिवाळीच्या सुट्टीत बीजिंग-शीआन-शांघाय आणि त्यात शीआनला ३ पूर्ण दिवस. यूट्यूब बघून काढलेली १७ जागांची यादी कशी बसवायची असं विचारलंत, आणि शेवटी हळूच, ते मातीचे सैनिक (चीनच्या पहिल्या सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेली फौज) खरंच एवढे भारी आहेत का फक्त फोटोतच, असंही विचारलंत. मी पुण्यातून ग्रुप घेऊन जाणारा टूर लीडर आहे, शीआनला पंधराएक वेळा तरी जाऊन आलोय, चिनी भाषा जेवणापुरती आणि टॅक्सीपुरती येते. तेव्हा जे लिहितोय ते लोकांना फिरवून फिरवून कळलेलं आहे, इतिहासाचा प्रोफेसर म्हणून नाही.

आधी एक सांगतो, १७ जागा बसतात. गाडी-ड्रायव्हर करा, सकाळी ७ ला निघा, रात्री १० ला हॉटेलवर या, बसतात. मी सुरवातीच्या वर्षांत बसवल्याही आहेत. पण परत येताना विमानात एका काकूंनी मला विचारलं, की ते लाल खांबांचं मोठं देऊळ बघितलं ते कोणत्या राजाचं हो, आणि मला सांगावं लागलं की काकू, ते देऊळ नव्हतं, ते मॉल होतं. तेव्हापासून माझी यादी बदलली. शीआनमध्ये बघायला कमी नाही, अडचण अशी आहे की जे जुनं दिसतं त्यातलं बरंचसं नवं आहे, आणि जे खरं जुनं आहे ते पहिल्या नजरेत काहीच वाटत नाही. तुमच्या १७ मधल्या निदान ६ जागा गेल्या तीसेक वर्षांत बांधलेल्या आहेत.

असं का झालं ते कळलं की निवड सोपी होते. हे शहर म्हणजे जुनं छांगआन, थांग घराण्याची (सातवं ते दहावं शतक) राजधानी, साधारण ८४ चौरस किलोमीटरचं, त्या काळी जगातल्या सगळ्यात मोठ्या शहरांपैकी एक. महाल, देवळं, घरं सगळी लाकूड आणि मातीची. ९०४ साली एका सेनापतीने सम्राटाला जबरदस्तीने लुओयांगला हलवलं आणि इथल्या इमारती उतरवून त्यांचं लाकूड नदीतून वाहत नेलं. म्हणजे राजधानी अक्षरशः सुटी करून नेली. मागे राहिलं ते विटांचं, दगडाचं आणि जमिनीखालचं. म्हणून मी ग्रुपला एकच युक्ती सांगतो, शीआनमध्ये लाकूड दिसलं की तारीख विचारायची. थांग काळातलं म्हणून जे रंगीत लाकडी काम दाखवतात ते नवं असतं. बेल टॉवर, ड्रम टॉवर आणि मोठी मशीद ही लाकडाची असून जुनी आहेत, पण ती नंतरची, मुख्यतः मिंग आणि छिंग काळातली, म्हणजे चौदाव्या शतकानंतरची.

आता तुमच्या यादीतलं काय ठेवायचं ते परिस्थितीवर आहे हे कबूल. आईंचा गुडघा चढायला त्रास देतो का उतरायला, म्युझियमचं बुकिंग मिळतं का, पाऊस आहे का, यावर मी स्वतः आयत्या वेळी प्लॅन फिरवतो. पण हुआशान डोंगर आजच खोडा. नाशिककर आहात म्हणजे हरिहरच्या पायऱ्या माहीत असणार, तसलाच प्रकार पण २१५४ मीटरवर आणि गर्दीत. केबल कार आहे हे खरं, पण वर पोचल्यावर पुन्हा पायऱ्याच पायऱ्या असतात हे व्हिडिओत सांगत नाहीत. शिवाय १२० किलोमीटर लांब, पूर्ण दिवस जातो.

पहिला दिवस शहरातच ठेवा, मातीच्या सैनिकांकडे पहिल्याच दिवशी धावू नका. कारण अगदी व्यवहारी आहे. पहिल्या दिवशी काहीतरी अडतंच, मोबाइलवरून पैसे जात नाहीत, कार्ड व्हेरिफाय होत नाही, कुणाचा तरी पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत राहतो. तिथे जवळजवळ सगळीकडे तिकीट पासपोर्टच्या नावाने असतं, पासपोर्ट नाही तर आत नाही. माझ्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांचा राहिला होता, आम्ही ऑलरेडी ४० किलोमीटर बाहेर आलेलो, बाकी लोक आत आणि मी त्यांच्याबरोबर गेटबाहेरच्या बाकावर, ड्रायव्हर परत हॉटेलवर. दोन तास. शहरात असतो तर वीस मिनिटांचं काम होतं.

तर पहिल्या दिवशी सकाळी दक्षिण दरवाजा, म्हणजे योंगनिंगमन. मेट्रो लाइन २ चं त्याच नावाचं स्टेशन आहे. तटबंदी मिंग काळातली, १३७० च्या दशकात बांधलेली, आत थांगकालीन भिंतीची माती आणि बाहेरून विटा. जवळजवळ १४ किलोमीटरचा पूर्ण चौकोन अजून शाबूत आहे, उंची १२ मीटर आणि वरची रुंदी एवढी की दोन एसट्या आरामात शेजारून जातील. वर भाड्याने सायकली मिळतात, डबल सीटच्या पण. तुम्ही जरूर चालवा, पण आईबाबांना बसवू नका, विटा उंचसखल आहेत आणि तासाभराने कंबर बोलायला लागते. त्यांच्यासाठी बॅटरीची गाडी असते. चढायला जिना एकदाच आहे, सावकाश चढा. वरून आतल्या बाजूला जुनी कौलं आणि बाहेरच्या बाजूला टॉवर दिसतात, आणि एक गोष्ट आईबाबांना सांगा, की हे सगळं मिळून थांग काळच्या शहराचा जेमतेम सातवा हिस्सा आहे. हे वर उभं राहून ऐकलं की कळतं, पुस्तकात नाही कळत.

उतरलात की तटाच्या आतल्या बाजूने पूर्वेला चालत बेइलिन, म्हणजे शिलालेखांचं जंगल. तुमच्या यादीत हे नाहीच! कोणाच्याच नसतं, आणि माझ्या मते शहराच्या आत बघायची एकच जागा निवडायची तर ही. १०८७ साली शिळा एकत्र ठेवायला सुरवात झाली. ८३७ साली कोरलेल्या कन्फ्युशियन ग्रंथांच्या ११४ शिळा ओळीने उभ्या आहेत, दोन्ही बाजूंनी कोरलेल्या, साडेसहा लाखांच्या आसपास अक्षरं. छपाई रुळायच्या आधीचा काळ, हाताने नकला करताना चुका होणारच, म्हणून मूळ प्रत दगडातच करून ठेवली, कुणाला शंका आली तर येऊन ताडून बघा. ७८१ सालची एक शिळा आहे तिच्यावर ख्रिस्ती धर्म चीनमध्ये कसा आला ते लिहिलंय, चिनी आणि खाली सिरियाक लिपीत.

पण चिनी वाचता येत नाही तर तासभर दगड काय बघायचे, हा प्रश्न प्रत्येक ग्रुपमध्ये येतो. तर तिथे बऱ्याचदा ठसे घेणारा माणूस काम करत असतो, तो शोधा. पातळ कागद ओला करून शिळेवर चिकटवतो, ब्रशने ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवतो, अर्धवट वाळला की शाईची कापडी पुरचुंडी घेऊन टप टप टप. जिथे दगड वर आहे तिथे काळं, खाचेतलं अक्षर पांढरं. हळूहळू काळ्या कागदावर पांढरी ओळ वर येते, जशी आपल्याकडे पाटीवर खडूने लिहिलेली दिसावी. माझ्या एका ग्रुपमध्ये एक निवृत्त प्रेसवाले काका होते, ते तिथून हलेचनात, शेवटी मी सगळ्यांना चहाला पाठवलं आणि त्यांना तिथेच सोडलं.

दुपारी हॉटेलवर आडवे व्हा. सिरियसली. संध्याकाळी बेल टॉवर बाहेरूनच बघा, दिवे लागल्यावर. १३८४ चा आहे, पण मुळात या जागी नव्हताच. शहराचा मध्य पूर्वेकडे सरकला म्हणून १५८२ साली तो लाकूड सुटं करून इथे आणून परत उभा केला. आत चढायची गरज नाही. तिथली खरी घंटा, ७११ साली ओतलेली, ती बेइलिनमध्ये आहे जी तुम्ही सकाळीच बघितलेली असेल, टॉवरवर तिची प्रतिकृती टांगलीय.

दुसरा दिवस सैनिकांचा. भारी आहेत का? हो. पण फोटोतल्यासारखे नाहीत, आणि ही अपेक्षा आधीच नीट करून घ्या नाहीतर बाबा म्हणतील एवढ्यासाठी आणलंस का. पहिला पिट म्हणजे २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद शेड, विमानाच्या हँगरसारखी, तुम्ही वर कठड्याला आणि सैनिक खाली खड्ड्यात, बऱ्यापैकी लांब. चेहऱ्याजवळ जाता येत नाही, आणि सगळ्यात पुढच्या कठड्याला जी गर्दी असते ती दादरच्या पुलावरची समजा. मार्च १९७४ मध्ये शेतकरी विहीर खणताना पहिले तुकडे लागले आणि अख्खी मूर्ती अशी जवळजवळ कोणतीच निघाली नाही, सगळ्या फुटलेल्या. जे उभे दिसतात ते जोडलेले आहेत. म्हणून पुढे रेटारेटी न करता कडेकडेने सरळ मागच्या टोकाला जा, तिथे जोडणीचं काम चालतं, कोणाला मुंडकं नाही, कोणाच्या छातीला पट्टे बांधलेत, अंगावर नंबरची चिठ्ठी. तिथे कळतं हे काम काय आहे ते.

माझा क्रम उलटा असतो, आधी पिट ३, मग २, शेवटी १. तिसरा छोटा आहे, ६८च मूर्ती, सेनेचं मुख्यालय असावं असं मानतात. दुसऱ्यात काचेच्या पेट्यांत काही मूर्ती अगदी हातभर अंतरावर ठेवल्यात, त्यातला गुडघा टेकलेला धनुर्धारी चुकवू नका. सगळे लोक त्याचा चेहरा काढतात. तुम्ही मागे जा आणि खाली वाका, मुडपलेल्या पायाच्या जोड्याचा तळवा दिसतो. त्यावर शिवणीचे टाके कोरलेत, चवड्याला आणि टाचेला दाट, मधे विरळ, म्हणजे जिथे झिजतं तिथे जास्त टाके. बावीसशे वर्षांपूर्वी कुणा कारागिराने मातीच्या सैनिकाचा तळवा, जो जमिनीत गाडला जाणार होता, तो असा केला. याच्यापुढे मला कधी बोलायला सुचत नाही. हे बघून पिट १ ला गेलात की लांबून दिसणारे हजारो सैनिक वेगळेच वाटतात, कारण प्रत्येकाचा असा तळवा असणार हे डोक्यात असतं. आधी १ बघितला तर बाकीचे दोन उतारावर गेल्यासारखे वाटतात.

हे सैनिक मुळात रंगवलेले होते. खाली लाखेचा थर होता, जमिनीतून बाहेर काढल्यावर कोरड्या हवेत तो मिनिटांत आक्रसून रंगासकट सुटायचा. त्या पहिल्या सम्राटाची मुख्य कबर अजून उघडलेली नाही त्याचं हेही एक कारण सांगतात, आणि तिथल्या मातीत पाऱ्याचं प्रमाण जास्त आढळलंय, जुन्या इतिहासात कबरीत पाऱ्याच्या नद्या केल्याचं लिहिलंय त्याच्याशी जुळणारं. कबर म्हणजे दीडेक किलोमीटरवरची एक टेकडी, झाडीने भरलेली. वर बघण्यासारखं काही नाही, पण कांशाचे दोन रथ आता त्या बाजूच्या म्युझियममध्ये आहेत, ताकद उरली तरच जा. लिनथोंगचा हा भाग डाळिंबांसाठी प्रसिद्ध आहे, रस्त्याकडेला ढीग दिसतील, सांगोल्याच्या माणसाने नाक मुरडू नये, चांगली असतात.

जायला मेट्रो लाइन ९ ने हुआछिंगछ पर्यंत आणि पुढे बस किंवा टॅक्सी. पण आईंसाठी गाडीच करा, कारण आतलं आणि बाहेरचं मिळून ४-५ किलोमीटर चालणं सहज होतं. गेटपासून पिटपर्यंत बॅटरीची गाडी असते, पैसे देऊन बसवा. बाहेर पडायचा रस्ता मुद्दाम दुकानांच्या लांबलचक गल्लीतून काढलाय हे लक्षात ठेवून थोडी ताकद राखून ठेवा. आणि ड्रायव्हरला मॅपवर नाव दाखवून तिथेच न्या म्हणून आग्रह धरा. माझ्या दुसऱ्याच ट्रिपला एका ड्रायव्हरने आम्हाला भलत्याच हॉलमध्ये नेलं होतं, तिथेही मातीचे सैनिक होते, तिकीटही होतं, सगळे चेहरे सारखे. अर्ध्या तासाने माझी ट्यूब पेटली. जेड फॅक्टरी, सिल्क फॅक्टरी, जो थांबा तुम्ही मागितलेला नाही त्याला हसून नाही म्हणायचं. वाटेतलं हुआछिंग गरम पाण्याचं ठिकाण यादीतून काढलं तरी चालेल. डिसेंबर १९३६ मध्ये चीनचा तेव्हाचा नेता चांग कै-शेक याला त्याच्याच सेनापतींनी इथे पकडलं होतं, त्या इतिहासात बाबांना रस असेल तर तासभर द्या, नाहीतर नको.

तिसरा दिवस बुकिंगवर अवलंबून. शान्शी हिस्टरी म्युझियम फुकट आहे पण काही दिवस आधी ऑनलाइन बुकिंग लागतं आणि ते भराभर संपतं, सोमवारी बंद असतं. मिळालं तर १९७० साली हजिया गावात सापडलेल्या थांगकालीन खजिन्यातला अकीकाचा प्राणीमुखी पेला बघा. नाही मिळालं तर रडू नका, छोट्या वाइल्ड गूज पॅगोडाच्या बागेत जा, मी तर म्हणेन मिळालं तरी जा. इथे भारतातून समुद्रमार्गे ग्रंथ घेऊन परतलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने काम केलं. ७०७ सालच्या सुमाराचा पॅगोडा, मूळ १५ थर, आता १३ उरलेत, टोक तुटलेलं तसंच ठेवलंय. १४८७ च्या भूकंपात वरपासून खालपर्यंत फट पडली आणि १५२१ च्या भूकंपात ती परत मिटली अशी नोंद तिथल्या दगडावर आहे. बागेत बाकं आहेत, जुनी झाडं आहेत, गर्दी कमी. आईंना बसवा आणि तुम्ही फिरा.

दुपारी मोठी मशीद. घुमट शोधू नका, नाहीये. चिनी देवळासारखी एकामागून एक अंगणं, मिनार म्हणजे तीन मजली अष्टकोनी लाकडी मंडप. नमाजाच्या दालनात आपल्याला प्रवेश नाही पण अंगणं पुरेशी आहेत, आणि बाहेरच्या गोंगाटानंतर तिथली शांतता अंगावर येते. जाताना मुस्लिम गल्लीच्या मोठ्या रस्त्याने नेऊ नका, तिथे बकरे सोललेले टांगलेले असतात, आईबाबांना नाही जमणार. बाजूची हुआज्यूए गल्ली अरुंद आहे, वस्तूंची दुकानं आहेत, तिथून जा. तिथला मटणाचा पाव-रस्सा, पाओमो, तुम्हाला खायचा नसला तरी बघण्यासारखा, गिऱ्हाइकाने घट्ट रोटी स्वतः डाळीच्या दाण्याएवढी बारीक करून वाडगा आत द्यायचा. माझे कोल्हापूरचे पाव्हणे कुस्करा करायला बसले आणि वेटरने इतर टेबलांना दाखवला.

संध्याकाळी मोठा वाइल्ड गूज पॅगोडा, आणि हा मराठी माणसाने बघावाच. ह्युएन त्सांग सरकारी बंदी मोडून भारतात निघाला आणि ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन इथे परत आला, ते ठेवायला ६५२ मध्ये हा बांधला, पुढे पन्नासेक वर्षांनी परत बांधून काढला. आज ७ मजले, ६४ मीटर. हाच माणूस दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि लिहून ठेवलं की इथले लोक मानी, उपकार विसरत नाहीत आणि अपमान केला तर सोडत नाहीत, पण सूड घेण्याआधी शत्रूला कळवतात. वर चढू नका, जिने अरुंद आहेत. खाली दक्षिण दाराच्या दोन्ही बाजूंना कोनाड्यांत दोन काळ्या शिळा आहेत, ६५३ च्या, ह्युएन त्सांगच्या भाषांतरांसाठी सम्राटाने आणि युवराजाने लिहिलेला मजकूर, त्या बघा. लोक त्यांना पाठ करून सेल्फी काढत असतात. नंतर समोरच्या दिव्यांच्या रस्त्यावर खुशाल फिरा, सगळं नवं आहे, पण थांग काळचे कपडे घालून फोटो काढणाऱ्या मुली बघायला आईंना आवडतील, माझ्या आईला जाम आवडल्या.

म्हणजे थोडक्यात, पहिला दिवस तट आणि बेइलिन, दुसरा सैनिक, तिसरा छोटा पॅगोडा किंवा म्युझियम, मशीद, आणि संध्याकाळी मोठा पॅगोडा. शनिवार-रविवार लिनथोंगला नको, गरज पडली तर दिवस अदलाबदल करा.

जेवण. "मांस नको" एवढंच सांगितलं तर तुकडे काढतात आणि रस्सा तोच देतात. मोबाइलवर चिनीत लिहून ठेवा, मांस, मासे, मांसाचा रस्सा, चरबी काहीही नको, आणि अंडं चालतं का ते पण. ल्यांगफी म्हणजे थंड जाड शेवया, व्हिनेगर आणि मिरचीच्या तेलात, बहुतेक बिनमांसाच्या. योफो म्येन मागवा, पट्ट्यासारख्या रुंद नूडल्सवर तिखट आणि लसूण ठेवून वरून कडकडीत तेल ओततात, चर्र आवाज येतो, आईंना घरची फोडणी आठवेल. तरी दशम्या, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी न्याच. अलीपे इथूनच डाउनलोड करून कार्ड आणि पासपोर्ट जोडून घ्या, थोडे रोख युआन ठेवा, इथल्या सिमवर इंटरनॅशनल रोमिंग घेतलं तर गूगलही बहुतेक चालतं, हॉटेलच्या वायफायवर चालणार नाही. ऑक्टोबरचा पहिला आठवडा त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते, तो सोडून तुमची दिवाळी कधीही पडली तरी हवा छान असते, स्वेटर हवाच.

गाइड घ्यावा का असंही शेवटी विचारलंत. फक्त सैनिकांच्या दिवशी, इंग्रजी बोलणारा, पूर्ण दिवसाचा, आणि ठरवतानाच सांगा की पिट ३ पासून सुरू करायचं. तो म्हणेल सगळे १ पासून करतात. म्हणू द्या.